फेरीबोटीवरचा अबोला

बायकोला गाडीवर मागे बसवून फिरायला कसं न्यावं, हे शिकायचं असेल तर माझ्याकडे या! आमच्या चोलाख गावात फळझाडांची कलमं बांधणारे शेकड्यांनी सापडतील. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी, न चुकता, बायकोला घेऊन भटकायला निघणारा मी एकटाच. एकतीस वर्षं झाली! या एकतीस वर्षांत मी कधी रस्ता चुकलो नाही, कधी पडलो नाही, कधी पोलिसाने अडवलं नाही. एकदाच काय ती बायको बदलून आणली. पण त्यात माझी चूक नव्हती. म्हणजे, थोडी होती.

आमच्या सहली लांबच्या नसतात. सकाळी निघायचं, कुठेतरी गरम हू-तियूचा, म्हणजे शेवयांच्या सुपाचा, वाडगा ओरपायचा, रस्त्याकडेच्या कॉफीच्या दुकानात जाळीच्या झोळीत पाय वर करून पडायचं आणि चारच्या आत घरी. गाडी मी चालवतो, तोंड थोआ चालवते. "अहो, त्या घराचा रंग बघितलात? खोकल्याच्या औषधासारखा!" "अहो, ती बाई बघा, एवढ्या उन्हात कपडे आत घेतेय, सून आळशी असणार!" मी आपला पुढून "हं, हं" करायचो. अर्धं ऐकायचोच नाही. रोजचंच आहे, उद्याही बोलणारच आहे, असं वाटायचं.

गेल्या वर्षी तेतचा, आमच्या नववर्षाचा, सण झाला आणि थोआचा आवाज बसला. मग बसलेलाच राहिला. आता मी पडलो विनोदी माणूस! "कीएतच्या शेजारी बसलं की जेवण दोन घास जास्त जातं," असं लोक म्हणतात. एका लग्नात दहा माणसांच्या टेबलावर मी हात जोडून म्हणालो, "बुद्धाची कृपा! हिचा आवाज बसल्यापासून अख्ख्या गल्लीला दुपारची झोप लागते!" टेबल खदखदा हसलं. थोआसुद्धा हसली. विनोद इतका रंगला, की पुढे तो मी तीन लग्नांत आणि एका श्राद्धाच्या जेवणात सांगितला. तिने दोनदा म्हटलं, "घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, एकदा दाखवून येऊ या का?" मी म्हटलं, "शब्दच अडकले असतील, साठलेत ना खूप!" तेव्हाही ती हसली. असे आठ महिने गेले.

मग सायगॉनच्या डॉक्टरने तिच्या घशात नळी घालून पाहिलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. कॅन्सर. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. "सहा महिने आधी आला असतात तर..." एवढंच बोलून तो थांबला. वाक्य पुरं करायची गरजच नव्हती. ते मी रोज पुरं करतो.

ऑपरेशन मंगळवारी ठरलं. त्याच्या आधीचा रविवार महिन्याचा पहिला होता. मी मनाशी पक्का बेत केला! सादेकला जायचं, फुलांचे मळे बघायचे. वाटेत ती जे जे बोलेल ते सगळं ऐकायचं, एकही "हं" खोटा म्हणायचा नाही. आणि तिची माफी मागायची. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण हा शब्द मी तिच्यापुढे कधी उच्चारला नव्हता. तिने त्यावर काय वाटेल ते म्हणावं. शिव्या दिल्या तरी चालतील! पण त्या तिच्या आवाजात मला ऐकायच्या होत्या. आणि त्यासाठी फक्त दोन दिवस उरले होते.

एवढा सुरेख बेत, तो मी अंगणातच बिघडवला.

थोआ हेल्मेटचा पट्टा लावता लावता म्हणाली, "अहो, मधल्या गादीवाफ्यातल्या कलमांना पाणी..."

आणि मी, लाडाने बरं का, म्हणालो, "अगं, तू बोलू नकोस. घशावर ताण नको, डॉक्टरांनी सांगितलंय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "दोन दिवस उरलेत माझे बोलायचे. दोन दिवस! आणि तुम्ही मला गप्प बसवताय?"

"तसं नाही गं, मी आपलं काळजीनं..."

"आठ महिने कुठं होती ती काळजी?" ती म्हणाली. "ठीक आहे. नाही बोलत. घ्या तुमची शांतता!"

तिने तोंडाला मास्क लावला, काळा चष्मा चढवला आणि मागे बसली. फेरीबोटीपर्यंतच्या बारा किलोमीटरमध्ये एक अक्षर नाही! वाटेत एका घराला जांभळा आणि पोपटी असा रंग दिलेला दिसला. मी मुद्दाम गाडी हळू केली. तरी काही नाही.

आता फेरीबोटीची रीत अशी, की गाडी चालवणाऱ्याने गाडीसकट आत शिरायचं आणि मागे बसणाऱ्याने उतरून पायी चढायचं. पलीकडे पोचलं की गाड्यांचा लोंढा आधी बाहेर पडतो. मागून बायका धावत येतात आणि आपापल्या नवऱ्याच्या मागे टुणकन बसतात. थांबायला कुणी देत नाही. मागचे ट्रक भोंगे वाजवून कान किटवतात! आणि उन्हात आमच्या बायका कशा दिसतात? डोक्यापासून पायापर्यंत फुलाफुलांचं लांब जाकीट, हातमोजे, मास्क, चष्मा. नवऱ्याला दिसेल असं इंचभरही अंग उघडं नाही! त्यात थोडे दिवस आधी एका खत कंपनीने शेतकरी मेळाव्यात घरटी दोन हिरवी हेल्मेटं फुकट वाटली होती. त्या बोटीवर निम्मी डोकी हिरवी होती.

मी पलीकडच्या उतारावर आलो. गाडी मागून दबली. मी निघालो.

विन्हलाँग शहर मागे पडलं. मागून चकार शब्द नाही. सरळ रस्ता लागला तसा मी मनाचा हिय्या केला. एरवी समोरासमोर मला जमलं नसतं. पण गाडीवर बरं असतं, आपला चेहरा रस्त्याकडे असतो.

"ऐक," मी म्हणालो. "काही बोलू नकोस, नुसतं ऐक. ते लग्नातलं... गल्लीला झोप लागते म्हणालो होतो ते. लोक हसले म्हणून मला बरं वाटलं. तू हसलीस म्हणून वाटलं, तुलाही आवडलं. तू दोनदा म्हणालीस दाखवून येऊ, आणि मी दोन्ही वेळा विनोद केला. मला भीती वाटत होती गं! काहीतरी निघेल म्हणून भीती वाटत होती. मी भ्यालो की विनोद करतो, हे तुला माहीत आहे. आता सगळ्यांना वाटतं तुझा जीव वाचणार, छान झालं. पण घरात तुझा आवाज नसेल तर मी काय करू? सकाळी उठवणार कोण मला? माझं चुकलं. मला माफ कर."

मी रडायला लागलो होतो. समोरचा रस्ता धूसर झाला, म्हणून मी गाडी अगदी कडेने घेतली. मागून हुंदका ऐकू आला. मग खांद्यावर एक हात आला आणि त्याने दोनदा थोपटलं. काय सांगू तुम्हाला! छातीवरचं ओझंच उतरलं! मी मग आणखी दहा किलोमीटर बोलत राहिलो. आयुष्यातल्या सगळ्या बारीकसारीक चुका कबूल केल्या. तिच्या आईच्या स्वयंपाकाबद्दल काय काय बोललो होतो, तेसुद्धा सांगून टाकलं!

सादेकच्या अलीकडे कॉफीचं दुकान दिसलं. मी गाडी उभी केली, डोळे पुसले आणि म्हणालो, "चल, झोळीत पड जरा. बर्फाची कॉफी घेऊ."

ती उतरली. चष्मा काढला. डोळे लाल. मास्क काढला.

थोआ नव्हती!

पन्नाशीची एक गोल चेहऱ्याची बाई नाक पुसत उभी होती. मी एवढ्या जोरात किंचाळलो, की झोळीतला एक ट्रकवाला खाली पडला!

"तुम्ही कोण?"

"मी ल्यू," ती म्हणाली. "ओरडू नका भाऊ, मलाही धक्का बसलाय."

"अहो, मग इतका वेळ गप्प का बसलात?"

"आमचा अबोला आहे. तीन दिवस झाले. मला वाटलं आमचाच माणूस आहे, म्हणून गप्प बसले. तुम्ही तोंड उघडलंत तेव्हा दुसऱ्या वाक्यालाच कळलं की गाडी चुकली."

"दुसऱ्या वाक्याला! आणि तरी दहा-बारा किलोमीटर..."

तिने मान खाली घातली. "आमचा माणूस असं कधी बोलला नाही हो. म्हटलं, निदान ऐकून तरी घेऊ."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मला फक्त थोआ दिसत होती, तिकडे धक्क्यावर एकटी उभी. तिचा फोन माझ्या गाडीच्या टोपलीत होता.

"तुमच्या नवऱ्याला फोन लावा," मी म्हणालो.

"मी नाही आधी फोन करणार! आधी त्यांनी बोलायचं!"

"अहो बाई, तुम्ही हरवला आहात!"

"हरवले तरी आधी त्यांनी बोलायचं."

शेवटी नंबर तिने सांगितला आणि फोन मी केला. "थिन्ह भाऊ का? तुमची बायको माझ्याजवळ आहे."

पलीकडून पहिला प्रश्न आला, "ती बोलतेय का तुमच्याशी?"

"हो."

"मग भाग्यवान आहात. अहो, इथे धक्क्यावर एक बाई माझ्यावर तासभर ओरडतेय! म्हणते, तुमचं हेल्मेट माझ्या नवऱ्यासारखं, गाडी माझ्या नवऱ्यासारखी, म्हणजे चूक तुमचीच! तुमची का ती?"

"आवाज कसा आहे?" मी विचारलं.

"आवाज कसला! फाटक्या पिशवीत वारा शिरल्यासारखा."

"माझीच!" मी आनंदाने ओरडलो. आणि दुसऱ्याच क्षणी गाडीला किल्ली लावली. दोन दिवसांचा आवाज शिल्लक होता तिच्याकडे. तो ती एका परक्या माणसावर संपवत होती, माझ्यामुळे.

मी गाडी अशी हाकली, की ल्यूबाई वाटभर देवाचं नाव घेत होत्या. धक्क्यावर थोआ एका दुकानाच्या पडवीत स्टुलावर बसली होती. मला पाहून उठली. मग ल्यूबाईंकडे नीट बघितलं.

"बायको बदलायचीच होती," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तर निदान तरुण तरी बघायची!"

"वहिनी!" ल्यूबाई फणकारल्या. मग पुढे होऊन तिचा हात धरून म्हणाल्या, "फार रडलेत हो ते वाटेत. जे बोलले ते एकदा ऐकून घ्या."

"हे रडले? हे?" थोआने मला आपादमस्तक न्याहाळलं. "चुकीचा माणूस असेल."

ल्यूबाई नवऱ्याच्या गाडीपाशी गेल्या. "सांगा त्यांना, मी बसतेय," असं मला सांगून बसल्या. गाडी निघताना त्यांनी थिन्हच्या खांद्यावर हात ठेवला. तो इतका दचकला, की गाडी बंदच पडली.

दुपार झाली होती. सादेक राहिलं ते राहिलंच. परतीच्या बोटीवर मी एका हाताने गाडी ढकलत होतो आणि दुसऱ्या हाताने थोआचं मनगट धरलं होतं. बोटीवरचा माणूस ओरडत होता, ओरडू दे!

पलीकडे उतरलो आणि थोआचा अबोला सुटला. काय सुटला! मी कसा बावळट, माझे डोळे कसे फुटके, मी लग्नात तिच्या बहिणीलाच कसा आधी वाकून नमस्कार केला होता! बारा किलोमीटरचा रस्ता, पण मी गाडी नदीकाठच्या बांधावर वळवली. त्या बाजूने तीस होतात.

"हा कुठला रस्ता काढलात?" ती म्हणाली. "बरं, ऐका. मधल्या वाफ्याला पाणी एक दिवसाआड. भाताच्या कुकरचं बटण अडकतं, खालून दाबा. सायगॉनच्या नातवाला फोन केलात की आधी त्याला बोलू द्या, मग तुमचे विनोद. आणि ते घर बघा हो, दारात दोन-दोन सिंह! आत बहुतेक मांजरसुद्धा नसेल!"

मी सगळं ऐकत होतो. एक शब्द सोडला नाही. आवाज मात्र बारीक होत चालला होता. शब्दांची शेवटची अक्षरं आधी गळायला लागली, मग अधलीमधली. आमच्या गावचं वळण आलं तेव्हा मी घाईघाईने म्हणालो, "थोआ, माझं चुकलं. त्या आठ महिन्यांचं. मला माफ कर."

तेवढ्यात समोरून वाळूचा ट्रक भोंगा वाजवत आला. थोआ पुढे झुकली आणि माझ्या कानापाशी काहीतरी बोलली. मानेवर तिचा श्वास लागला, पण शब्द एकही ऐकू आला नाही. मी ब्रेक दाबला, वळून विचारलं, "काय म्हणालीस?"

तिने तोंड उघडलं. नुसती हवा आली. तिने गळ्याला हात लावला आणि मान हलवली.

सोमवारी आवाज परत आला नाही. मंगळवारी डॉक्टरांनी उरलंसुरलं काढून टाकलं.

आता सहा महिने झाले. थोआ बरी आहे. जेवते, कलमं बांधते, पहिल्या रविवारी मागे बसते. काही सांगायचं असलं की पाटीवर लिहिते. मी तिला विचारतच होतो, "त्या दिवशी वळणावर काय म्हणाली होतीस?" ती पाटीवर लिहायची, "भाजी चिरा." गेल्या रविवारी मात्र मी हट्टच धरला. पाटी हातात दिली आणि समोर बसून राहिलो.

तिने लिहिलं, "ट्रक येतोय, असं म्हणाले होते."

"एवढंच?"

तिने पाटी पुसली. मग लिहायला लागली. मी मान वाकडी करून वाचू बघत होतो! तिने पाटी वळवून दाखवली. लिहिलं होतं, "आणि गाढव."

मी हसलो, तीही हसली, आवाज न करता. मग मी डोळे मिटून तो शब्द तिच्या आवाजात मनातल्या मनात म्हणून पाहिला. पूर्वी लगेच जमायचं. आता मला जरा वेळ लागतो.