एक्याण्णव गुणांची स्कूटर

गाडी कशी चालवावी हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने चारकोपला यावं आणि मला बघावं! बावीस वर्षं स्कूटर चालवतोय. एक चलान नाही, एक ओरखडा नाही. सिग्नल पिवळा झाला की मी थांबतो. मागचा हॉर्न मारतो, नाही नाही ते बोलतो. मी वळून त्याला हसून नमस्कार करतो. असा माणूस अख्ख्या उपनगरात सापडायचा नाही. हे मी म्हणत नाही. म्हणजे, मीच म्हणतो. पण गेल्या महिन्यापर्यंत त्याला कुणी हरकत घेतली नव्हती.

त्यातून मी सोसायटीचा सेक्रेटरी. जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह सुरू झाला आणि माझ्यातला समाजसेवक जागा झाला. आमच्याकडे कुणाचा मुलगा दहावी झाला की फ्लेक्स, कुणाच्या कुत्र्याचा वाढदिवस आला की फ्लेक्स. मग एका चांगल्या कामाला का नको? मी सहा बाय चारचा फ्लेक्स छापून घेतला. हात जोडलेला, हसरा असा माझा फोटो, आणि खाली लाल अक्षरांत, ‘नजर रस्त्यावर, फोन खिशात! विनीत : बळवंत धुरी, सेक्रेटरी’. फोटो जरा मोठा झाला होता हे मान्य. आमचा वॉचमन भीमराज याने तो गेटच्या बाहेर दोन बांबूंना बांधला. तिथेच बाजूला सरूबाई मासे घेऊन बसते. तिने मान वर करून फ्लेक्सकडे बराच वेळ पाहिलं.

“कोन वारलं रं?” तिने भीमराजला विचारलं.

असो. चांगल्या कामाला दृष्ट लागतेच.

फ्लेक्समागे खरं कारण होतं आमचा प्रितम. नोव्हेंबरात त्याला अठरा पूर्ण झाली, दीड महिन्यात लायसन्स हातात आलं, आणि तिसऱ्याच दिवशी मी बसच्या खिडकीतून त्याला पाहिला. सिग्नलला माझ्या स्कूटरवर बसून दोन्ही अंगठ्यांनी मेसेज टाइप करत होता! सिग्नल हिरवा झाला तरी मान खालीच. मागून टँकर हॉर्न मारतोय आणि हा एका हाताने अ‍ॅक्सिलरेटर पिळत, दुसऱ्या हाताने कुणाला तरी हसरे चेहरे पाठवतोय. खरं सांगतो, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एकुलता एक पोरगा आहे हो!

“लाल सिग्नल होता ना बाबा! उभाच होतो मी,” प्रितम म्हणाला.

“आणि हिरवा झाल्यावर?”

“तेव्हा फक्त सेंड करायचं राहिलं होतं.”

मी त्याच क्षणी स्कूटरची किल्ली खिशात घातली. प्रितम रुसला. त्याची आई, म्हणजे नमिता, मध्ये पडली. शेवटी मी तोडगा काढला, आणि तो इतका झकास होता की माझा मलाच हेवा वाटला. ‘पहारेकरी’ नावाचं एक अ‍ॅप मी शोधून काढलं. ते प्रितमच्या फोनमध्ये टाकायचं. तो वेगात गेला, जोरात ब्रेक मारला, चालत्या गाडीत फोन हातात घेतला, की त्याचे गुण कापले जाणार आणि तिकडे माझ्या फोनवर घंटा वाजणार! सुरुवातीला शंभर गुण. आठ दिवसांनी, म्हणजे शनिवारी रात्री आठ वाजता, नव्वद किंवा वर राहिले तर किल्ली कायमची त्याची. एक जरी कमी झाला तर थेट गणपतीपर्यंत स्कूटरला हात लावायचा नाही.

अ‍ॅपमध्ये ‘शुभचिंतक’ जोडायचीही सोय होती. दर आठवड्याचा निकाल त्यांना आपोआप जातो. पोराला जरा धाक राहावा म्हणून मी सव्वीस शुभचिंतक जोडले. मालवणच्या सुंदराबाई आत्यापासून मुलुंडच्या साडूपर्यंत सगळे.

“करार लिहून काढा,” नमिता म्हणाली. “आणि नियम घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला. गाडी चालवताना जो फोनला हात लावील, त्याची किल्ली जाईल.”

“माझं नाव कशाला?” मी हसलो.

“तुम्ही काही करणारच नाही, तर घाबरता कशाला?”

“मी? घाबरतो? लिही! मोठ्या अक्षरांत लिही! माझ्याही फोनमध्ये टाक ते अ‍ॅप!”

करार झाला, सह्या झाल्या, कागद फ्रिजवर चिकटला. मी आठवडाभर बसने ऑफिसला गेलो आणि प्रितम स्कूटरने क्लासला. माझा फोन घंटा वाजवत राहिला. कुत्र्याला वाचवायला ब्रेक मारला, चार गुण गेले. स्पीडब्रेकरवरून उडाला, दोन गेले. येताना कोथिंबीर आण म्हणून सांगायला नमिताने फोन केला, तो त्याने खिशातून काढून कट केला, तिथे तीन गेले. पण पोरगा खरंच बदलला होता हो! निघताना आरसे नीट करायचा, हेल्मेटचा पट्टा लावायचा. शनिवारी सकाळी एक्याण्णव गुण शिल्लक होते. त्याचा चेहरा तर बोर्डाच्या निकालाच्या दिवशीही इतका उतरला नव्हता.

शनिवारी मला सुट्टी. दुपारी जेवून मी जो आडवा झालो तो साडेपाचला उठलो. नमिताने चहा ठेवला. पहिला घोट घेतो न घेतो तोच घंटा वाजली.

‘आपला चालक प्रितम अतिवेगात आहे.’

मी कप खाली ठेवला. लगेच दुसरी घंटा. ‘प्रितमने अचानक ब्रेक दाबला.’ तिसरी. ‘प्रितमने अचानक ब्रेक दाबला.’ चौथी. ‘प्रितम अतिवेगात आहे.’

“अगं, हा काय विमान चालवतोय का?” मी ओरडलो आणि ताबडतोब त्याला फोन लावला. त्याने कट केला. घंटा वाजली. ‘प्रितमने वाहन चालवताना फोन हाताळला!’

“बघ! फोनवर आहे तो! एवढ्या वेगात फोनवर!”

मी परत लावला. परत कट. परत घंटा. ‘प्रितमने फोन हाताळला!’ मी पुन्हा लावला. पुन्हा तेच! जितक्या वेळा मी त्याला फोन ठेव म्हणून सांगायला फोन करत होतो, तितक्या वेळा हे अ‍ॅप मला सांगत होतं की तो फोन ठेवत नाहीये. माझा रक्तदाब चढला. गुण सत्तरवर आले. पण त्या वेळी गुण कोण बघतंय! मला तो टँकरच दिसत होता.

अ‍ॅपच्या नकाशावर एक निळा ठिपका होता, म्हणजे प्रितम. ठिपका सुसाट घराकडे येत होता. त्याला वाटेतच अडवायचा! दाराजवळच्या खिळ्यावरून मी स्कूटरची किल्ली ओढली, हेल्मेट चढवलं आणि निघालो.

“अहो, ऐका तरी!” नमिता स्वयंपाकघरातून धावत आली. “प्रितम आज...”

“आल्यावर ऐकतो!”

सेक्टरच्या कोपऱ्यावर पोचलो. निळा ठिपका कुठे दिसेना. मग काय करणार? मी डाव्या हातात फोन धरला. फक्त बघण्यापुरता! वापरण्यासाठी नव्हे! उजव्या हाताने स्कूटर चालवत, मान खाली घालून, मी ठिपका शोधू लागलो. तेवढ्यात नमिताचा फोन आला.

“अहो, तो स्कूटर...”

“नमिता, मी गाडी चालवतोय! गाडी चालवताना मी फोनवर बोलत नसतो!” असं मी तिला फोनवर ठणकावून सांगितलं आणि कट केला. लगेच पुन्हा प्रितमला लावला. अकरावा कॉल. कट. घंटा.

मार्केटपर्यंत गेलो, प्रितम नाही. नकाशा बघितला, तर ठिपका मला चुकवून सोसायटीकडे निघालेला! स्कूटर वळवली. आता ठिपका जवळ येत होता. तीनशे मीटर. शंभर मीटर. गेट समोर आलं आणि निळा ठिपका चक्क माझ्या ठिपक्यावर येऊन बसला. मी फोन डोळ्यांजवळ नेला. मागे बघितलं. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. कुठेही माझी स्कूटर चालवणारा प्रितम नव्हता!

फक्त समोर बघायचं राहिलं.

फाट्कन आवाज झाला. मला एवढंच कळलं की काहीतरी फाटलं आणि सगळीकडे माशांचा वास सुटला. स्कूटर बांबूला टेकून उभी राहिली होती. वेग कमी म्हणून मी वाचलो. गुडघा तेवढा सोलवटला. मी फ्लेक्समध्ये घुसलो होतो. नेमका फोटोच फाटला होता आणि फोटोतल्या चेहऱ्याच्या जागी हेल्मेटसकट माझा खरा चेहरा आला होता. खाली अक्षरं शाबूत होती. ‘नजर रस्त्यावर, फोन खिशात!’

फोन मात्र खिशात नव्हता. तो सरूबाईच्या टोपलीत, बोंबलांवर पडला होता आणि तिथून घंटा वाजली. ‘प्रितमने अचानक ब्रेक दाबला.’

“काय रं सेक्रेटरी!” सरूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “बोंबील घ्यायचं होतं तं तोंडानं सांगायचं ना! सरळ टोपलीत?”

“सरूबाई, तुम्हाला लागलं नाही ना?” मी कसंबसं विचारलं.

“मी बाजूला झाली म्हनून वाचली. लहान पोर बसलं असतं इथं, मग?”

ती चेष्टेत बोलत नव्हती. मी त्या जागेकडे पाहत राहिलो.

“बाबा!”

माझ्या मागे एक शेअर रिक्षा कर्रकन थांबली होती. तिच्यातून प्रितम उडी मारून धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने मला फ्लेक्समधून ओढून काढलं, हात बघितले, गुडघा बघितला, डोकं बघितलं. एवढा मोठा घोडा, पण रडायच्या बेतात होता. त्या क्षणी मला कळलं की बसच्या खिडकीत माझा चेहरा कसा झाला असेल.

मग मला माझा हुद्दा आठवला.

“फोन का कट करत होतास?” मी दरडावलं.

“उचलला असता तर पाच गुण जातात ना बाबा! कट केला की तीनच जातात!”

“आणि साठच्या वर स्पीड? ते ब्रेक?”

“ते या काकांना विचारा,” त्याने रिक्षावाल्याकडे बोट दाखवलं. रिक्षावाला दुसरीकडे बघू लागला. “एक्याण्णवच गुण उरले होते. शेवटच्या दिवशी रिस्क नको म्हणून मी आज स्कूटर नेलीच नाही. आईला सांगून गेलो. तुम्ही झोपला होतात.”

“स्कूटर नेली नाहीस?”

“बाबा,” प्रितम शांतपणे म्हणाला, “मी स्कूटर चालवतोय, तर तुम्ही कशावर बसून मला शोधत होतात?”

मी स्कूटरकडे पाहिलं. स्कूटरने माझ्याकडे पाहिलं. भीमराजने तोंडावर रुमाल धरला. सरूबाईने नाही धरला.

घरी फ्रिजसमोर निवाडा झाला. न्यायाधीश नमिता. रिक्षावाल्याच्या चुका पोराच्या माथी मारता येणार नाहीत, प्रितमचे एक्याण्णव गुण कायम, असा निकाल तिने दिला. मग कागदावरच्या दुसऱ्या सहीवर बोट ठेवलं. मी किल्ली प्रितमच्या हातात दिली. गणपतीपर्यंत. त्या रात्री तळलेले बोंबील होते. दुसऱ्या दिवशी बोंबलांचं कालवण. तिसऱ्या दिवशीही बोंबीलच होते, कारण टोपली अख्खी घ्यावी लागली होती.

आठ वाजता निकाल लागला आणि सव्वीस शुभचिंतकांना गेला. प्रितम बेचाळीस. बळवंत बारा. सुंदराबाई आत्याचा मालवणहून व्हॉइस मेसेज आला, “अरे बळवंता, तू गाडी चालवतंस काय गाडी तुका चालवता?”

तेव्हापासून मी मागे बसतो. प्रितम सकाळी मला बसस्टॉपवर सोडतो, संध्याकाळी घ्यायला येतो. आरसे बघतो, पट्टा तपासतो, माझाही तपासतो. पिवळा दिसला की थांबतो. मागचा हॉर्न मारतो. हा वळून नमस्कार वगैरे करत नाही, समोर बघतो. परवा वाटेत फोन वाजला तर त्याने खिशाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मागे बसून ते पाहिलं आणि मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

परवाच्या शनिवारी नवा निकाल आला. फोन माझ्या खिशात, स्कूटर प्रितमच्या हातात. पण त्या अ‍ॅपला चालवणारा कोण आणि मागे बसणारा कोण हे काही कळत नाही. ‘अभिनंदन! बळवंत धुरी : सत्त्याण्णव गुण. वर्तनात लक्षणीय सुधारणा.’ सव्वीस शुभचिंतकांना तेही गेलं. धडाधड अंगठे आले, फुलं आली. मुलुंडच्या साडूने तर ‘आदर्श चालक’ असं लिहिलं. मी सगळ्यांना हात जोडून आभार पाठवले. खुलासा करावा असं मला काही वाटलं नाही. उगाच कशाला!

मग सुंदराबाई आत्याचा मेसेज आला.

“बरा झाला हो बळवंता. पण गाडी कोण चालवी होतो?”

मी कळवलं, सध्या प्रवासात आहे, फोनला हात लावत नाही.