दोनशे फुटांची खोली

सुकरूभाऊंच्या दारात पाऊल टाकले की आतून आरोळी यायची, "मास्तर, दिवाणखान्यातून या जी! सयपाकघरात पाय नोका ठेवू!" मी तसाच एका पायावर थबकायचो. दहा बाय दहाची ती खोली, आणि तिच्या जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून ह्या माणसाने अख्खा बंगला उभा केला होता! झोपेत कूस बदलली की भाऊ दिवाणखान्यातून देवघरात जायचे.

चांद्याजवळच्या कोळसाखाणीच्या वसाहतीतली ही पन्नास सालानंतरची गोष्ट. साहेबांना टेकडीवर बंगले, बाबूंना मधे क्वार्टर आणि खाणीत उतरणाऱ्यांना नाल्याकाठची लाइन. शाळामास्तर कशात मोडतो हे कुणालाच ठरवता येईना, म्हणून मला लाइनीत, भाऊंच्या शेजारी खोली मिळाली. साहेबाच्या मोटारीची खोली आमच्या खोलीहून मोठी होती आणि तिला खिडक्याही दोन होत्या. आमच्या लाइनीला नळ एक, तोही बंगल्यांच्या बागा पाणी पिऊन झाल्या की ठिबकणार. आमच्यातला कुणी वरच्या रस्त्यावर दिसला की चौकीदार काठी आपटायचा. भाऊ मात्र कुंपणातून डोकावून नकाशे आणायचे. "मास्तर, सायबाकडं जेवाची खोली येगळी हाये! अन् सायबीनले निस्ती बसाले येगळी!" की लगेच आमच्याकडे चुन्याची नवी रेघ. खिडकीखालचा कोपरा तेवढा त्यांनी जुने धोतर टांगून झाकला होता. तिथे मलाही मज्जाव होता.

हा सारा खटाटोप एका शब्दापायी. वडशाकडच्या गावी भाऊ मुलगी पाहायला गेले तेव्हा होणाऱ्या सासऱ्याने विचारले, "पाव्हने, खोली केवढी हाये?" आता खाणीतल्या माणसाला जो तो खाणीचीच खोली विचारतो. भाऊ ताठ बसून म्हणाले, "दोनशे फूट! अन् वाढूनच राह्यली जी." सासरा गारच झाला आणि लग्न ठरले. पुढे पंगतीत तो "जावयाची खोली दोनशे फूट" म्हणून पाहुण्यांना सांगत सुटला, तेव्हा कुठे भाऊंच्या डोक्यात उजेड पडला. पण तोंडात बुंदीचा लाडू! तो गिळेपर्यंत बातमी मांडवाबाहेर गेली होती.

नवरी धानकापणीनंतर नांदायला यायची होती. "पाहून आल्या पावली परत गेली तं, मास्तर?" भाऊंनी मला एकदाच विचारले आणि उत्तराची वाट न पाहता चुना कालवायला बसले.

आणि एका सकाळी लाइनभर एकच गिल्ला, "आली! आली!" अहो, काय ती धांदल! पलीकडच्या रहिमतबीने आपली नवी चटई आणून दिवाणखान्यात अंथरली. मी तर शाळेलाच सुट्टी देऊन टाकली. नवरी पार्बता बापासोबत दारात उभी राहिली. भाऊ बंगला दाखवू लागले, पण सासऱ्याला दम कुठला?

"अन् बाकीची कुठी हाये?"

भाऊंनी जमिनीकडे बोट केले. "खाली हाये जी. खानीत."

"पार्बते, उचल गाठोडं!" सासरा कडाडला.

पार्बता हलली नाही. ती रेघा बघत होती. मग पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, "तिथी काय हाये?"

भाऊंनी धोतर बाजूला सारले. खोलीतली एकुलती एक खिडकी, खाली स्वच्छ सारवलेली जागा, डब्यात झेंडूचे फुललेले रोप. "ही तुही खोली," भाऊ मान खाली घालून म्हणाले, "रुसाची. बंगल्यातली बाई रुसली का तिले बसाले जागा असते. तुले बी पायजे."

"अन् तुमची?"

"मले हाये ना, दोनशे फूट."

 पार्बता गाठोडे घेऊन रेघांच्या कडेकडेने गेली आणि खिडकीखाली बसली. सासरा चिडून गाठोडे उचलायला तरातरा आत शिरला.

"बाबा, बाजूनं या," पार्बता म्हणाली, "तिथी सयपाकघर हाये."

सासरा माझ्यासारखाच एका पायावर थबकला. सुकरूभाऊंनी मात्र भिंतीकडे तोंड फिरवले. बंगल्यात रडायची खोली आखायची तेवढी राहून गेली होती.