चिखलाच्या पोटातला गॅस

बदनापूरच्या स्टँडवर सोडा मागवून तो न पिता नुसता बघत बसणारा एकच माणूस आहे, आमचे शेजारी साळवेकाका. चमच्याने ढवळतात, ग्लास हलवतात, शेवटचा बुडबुडा फुटेपर्यंत थांबतात आणि मग ते मिळमिळीत पाणी चवीने पितात. एकदा सोडावाला वैतागला. "काका, मंग साधं पाणीच प्या की!"

"साध्या पान्यात काय मजा? गॅस निघाला, आपन वाचलो, ही मजा."

काकांची सगळी नोकरी तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या रिगवर गेली, आसामात आणि गुजरातेत. खोल भोक पाडताना त्यात पातळ चिखल खेळवत ठेवतात. तो वर येताना कधी जमिनीच्या पोटातला गॅस घेऊन येतो. तो गॅस वेगळा काढून लांब नेऊन जाळायचा आणि चिखल परत खाली धाडायचा, हे काकांचं काम. चुकलं तर एका ठिणगीत सगळा कारभार खलास. त्यासाठी एक उभी टाकी असते. चिखल आतल्या पत्र्यांवर आपटत खाली येतो, गॅस सुटून वर नळीत जातो. ना मोटार, ना चाक. रिगवर तिला 'पुअर बॉय' म्हणतात. काका 'आमचं गरीब पोरगं' म्हणतात, आणि तेही इतक्या मायेने की माझी आई बरेच दिवस विचारायची, "त्या पोराचं लग्न झालं का हो?"

कुणी रागाने लाल होऊन आलं तरी काकांचं एकच. "आधी गॅस काढ, मंग बोल."

गेल्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाने, दिगंबरदादाने, मोसंबीच्या बागेतल्या जुन्या विहिरीचा गाळ काढायला घेतला. काका माझ्याबरोबर सहज आले होते. पाणी उपसून झालं होतं. लक्ष्मण नावाचा मजूर दोराच्या शिडीवर पाय ठेवत होता, तेवढ्यात काठावरून वाकलेले काका ओरडले, "थांब! गाळाला बुडबुडे येऊन राह्यले!"

दादा म्हणाला, "काका, ही इहीर हाय, तुमचा रिग न्हाई. मानसं उन्हात उभी हायेत, जल्दी होऊ द्या."

"चिखल तो चिखल. पोटात काय हाय ते तो सांगत न्हाई."

"कंदील सोडून बघतो ना, इझला तर न्हाई उतरत," म्हणत लक्ष्मणने काडेपेटी काढली. काकांनी ती झडप घालून हिसकावली. "आग बिलकुल न्हाई!"

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, वहिनींची एक ठिपक्यांची कोंबडी पकडली, टोपलीत घालून वर जाळी बांधली आणि दोराने खाली सोडली. सगळे पोट धरून हसले. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत, कोंबडी त्यांची होती.

थोड्या वेळाने टोपली वर ओढली. कोंबडीची मान लुळी पडली होती. हसणं जागच्या जागी थांबलं. लक्ष्मण शिडीपासून चार पावलं मागे सरकला. दादाने शिडी वर ओढून घेतली. खाली कुणी उतरायचंच नाही, यारी, म्हणजे गाळ उपसायचं क्रेनसारखं यंत्र, लावून गाळ वरूनच काढायचा, असं ठरलं.

जेवायच्या वेळी सगळे काकांचं कौतुक करायला बसले, पण काका नव्हते. मी शोधत गेले तर बागेच्या कडेला, मोसंबीच्या सावलीत ते मांडी घालून बसलेले. मांडीवर कोंबडी. शर्टाच्या टोकाने तिला वारा घालत होते आणि बोट भिजवून चोचीला लावत होते.

"माफ कर बाई. तुला न इचारता धाडलं."

मी शेजारी बसले. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "आसामात एकदा त्या टाकीखाली वास आल्ता. मी एका पोरगेल्या गड्याला म्हन्लं, जा, बघून ये. मी म्होरं जायला पायजे व्हतं. तिथंच पडला तो."

"मग?"

"वाचला. आता नातू हाय त्याला. दर महिन्याला फोन करतो मी. काय बोलत न्हाई जास्ती. आवाज आला, की ठेवतो."

कोंबडीने मान हलवली. एक डोळा उघडला, पंख झटकले, आणि काकांच्या मांडीवरून उतरून डुलत डुलत दाणे टिपायला लागली. काका तिने चार दाणे टिपेपर्यंत बघत राहिले.

मग हळूच म्हणाले, "चल. भूक लागली."