पांढऱ्यावरची पांढरी फुलं

कारंज्याच्या बसस्थानकावर गाडीला ‘वाशिम’ अशी ठळक पाटी असली, तरी देविदासभाऊ आधी ड्रायव्हरला विचारतात, मग कंडक्टरला, आणि आत बसल्यावर शेजारच्या प्रवाशाला. तिघांचं उत्तर एकच आलं की त्यांचा संशय वाढतो. “मिळून असतीन लेकाचे,” म्हणतात.

हे आमचे शेजारी. तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या लग्नाचे फोटो काढताहेत. “पाह्यल्याबिगर आपन मानत नाही,” हे दिवसातून दहादा ऐकवतात. मी शाळेत मास्तर, पण माझ्या शब्दावर त्यांनी कधी विश्वास ठेवल्याचं मला तरी आठवत नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी नवा डिजिटल कॅमेरा घेतला. त्यात ‘हायलाइट डिटेल’ नावाची सेटिंग होती. ती चालू केली की भर उन्हातलं पांढरं कापड फोटोत नुसतं कोरं पडत नाही, त्याची वीण, चुण्या, सगळं दिसतं, असं दुकानदार म्हणाला. झालं! भाऊंचं जेवणावरून लक्ष उडालं.

“मास्तर, हा कॅमेरा आपल्या मनचं भरून देत असन!”

मग तपासणी सुरू झाली. प्रत्येक वस्तूचे दोन फोटो, एक सेटिंग बंद ठेवून, एक चालू करून. बाजारातला कापूस झाला, साबुदाणा झाला. एका दुपारी त्यांनी दोरीवरचं माझं बनियन टिपलं आणि थेट माझ्या बायकोसमोर कॅमेऱ्याचा पडदा धरला. “वहिनी, बंद असतानी एक भोक, चालू असतानी पाच. खरे किती थे सांगा.” बायकोने बनियन आणून भोकं मोजली. पाच निघाली. संध्याकाळी मला नवं बनियन आणावं लागलं.

भाऊंचं समाधान मात्र होईना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गच्चीवर दोरीला एक पांढरी साडी दिसली. तिसऱ्या दिवशीही तीच, आणि तीही कोरडी ठाक. भाऊंच्या कमलवहिनी तर कायम रंगीत साड्या नेसतात. आता संशय मला आला. मी सरळ जिना चढलो.

“कोणाची हो ही साडी?”

“कमलची. लग्नातली,” भाऊ म्हणाले.

बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. वहिनींनी त्या साडीच्या पदरावर पांढऱ्याच दोऱ्याने मोगऱ्याची फुलं भरली होती. चार महिने खपल्या होत्या. पण लग्नात भाऊंचा दुसऱ्या फोटोग्राफरवर भरवसा बसेना. नवरदेवाने स्वतःच कॅमेरा स्टँडवर लावला, टायमर दाबला आणि पळत जाऊन नवरीशेजारी उभा राहिला. घाईत उजेडाचा अंदाज चुकला. फोटोत भाऊ होते आणि शेजारी एक पांढरा डाग.

“थिनं थो फोटो भिंतीले लावू देला नाही,” भाऊ म्हणाले. “तवापासून मले पांढऱ्याचं भेव वाटते.”

त्यांनी पडदा माझ्यापुढे धरला. पदरावर फुलं स्पष्ट होती. भाऊंचं बोट एका फुलावर थांबलं. “ह्याची एक पाकळी भराची राह्यली होती. पाहा, फोटोतबी नाही. मनचं भरत असता तं हेबी भरली असती.”

मी दोरीवरचा पदर हातात धरून पाहिला; ती पाकळी खरंच नव्हती.

तेवढ्यात वहिनी वर आल्या. “कमल, नेसतं का?” भाऊंनी विचारलं.

“काहून? पुन्हा डाग करता काय माह्या?”

पण नेसल्या. भाऊंनी सवयीने स्टँड लावला, टायमरपाशी बोट नेलं आणि थबकले. मग कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. “तुमीच काढा, मास्तर. मी पयतो अन् चुकते.”

मी बटण दाबलं आणि खात्री करायला कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही.

“पाहा ना, आले काय माहे फुलं?” वहिनी म्हणाल्या.

“आले असतीन. मास्तरनं काढला ना,” भाऊ म्हणाले. ते वहिनींकडेच बघत होते.