ते ओठ माझे आहेत

मी संशयी माणूस नाही. (हे वाक्य ऐकून माझी बायको बतूल स्वयंपाकघरात हसते आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नका.) मोरोक्कोतल्या फेस शहराच्या पाणीखात्यात मी मीटरच्या तक्रारी घेतो. दिवसभर समोर माणसं येतात आणि आमच्या घरात पाणी कोणी वापरतच नाही, असं शपथेवर सांगतात. अशा नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर कोणी 'शंभर टक्के नैसर्गिक' असं म्हटलं की माझी डावी भुवई आपोआप वर चढते. त्यात दोष भुवईचा, माझा नाही.

त्या दिवशी ती सकाळपासून वरच होती. संध्याकाळी आमच्या नुहैलाला मागणी घालायला हाज मक्की सहकुटुंब यायचे होते. त्यांचा मुलगा वायल आणि आमची नुहैला यांचं आपापसात केव्हाच ठरलेलं होतं. अडून बसले होते ते हाज. हज करून आलेले, अरबीचे निवृत्त शिक्षक, पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा पायघोळ जलाबा. मुलीचा बाप फक्त शुक्रवारीच मशिदीत दिसतो, असं त्यांच्या कानावर कोणीतरी घातलं होतं. (खोटं आहे. ईदलाही जातो.) वायलने घरी जेवणखाण सोडलं तेव्हा कुठे ते यायला तयार झाले. म्हणजे आज जर काही बिनसलं असतं, तर पोरीचं लग्न कायमचं मोडलं असतं आणि तिने जन्मभर मला माफ केलं नसतं.

मागच्या ईदला बाजारातलं कसलंसं क्रीम लावून नुहैलाचं तोंड सुजून लालबुंद झालं होतं. म्हणून या खेपेला बतूल आणि तिची आई, लल्ला खनाता (वडीलधाऱ्या बायकांच्या नावाआधी आम्ही लल्ला लावतो), या दोघींनी ठरवलं की पोरीच्या चेहऱ्याला फक्त घरगुती, नैसर्गिक गोष्टी लावायच्या. जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराकडून अकरची बशी आली. खसखशीच्या फुलांच्या पाकळ्या आणि डाळिंबाची साल वाटून मातीच्या बशीला आतून लेप देतात. ओलं बोट फिरवलं की ओठांना रंग. सुरमा लल्ला खनातांनी स्वतः घोटला होता. सगळं एका तबकात मांडून, वर रुमाल झाकून, आमच्या झोपायच्या खोलीत ठेवलं होतं.

"अत्ताराने त्यात विटेची भुकटी घातली नसेल कशावरून?" मी विचारलं.

"थामी, माझी पणजी हेच लावायची," बतूल म्हणाली.

"पण तिचा अत्तार वेगळा होता ना?"

"तू अंघोळ कर आणि दाढी कर. बाकी कशात बोट घालू नकोस."

आता तुम्हीच सांगा, आज संध्याकाळी पोरीचं तोंड पुन्हा सुजलं तर हाज मक्की काय म्हणतील? बापाने आधी स्वतःवर लावून पाहायला नको का? नुसतं एक बोट. खालच्या ओठाला, आतल्या बाजूने. कोणाला कळणारही नाही.

मी खोलीचं दार लावून घेतलं, बोट ओलं केलं आणि बशीत फिरवलं. आधी काहीच उठलं नाही. म्हटलं, बघा, फसवलं! म्हणून जरा जोर लावला. मग एकदम उठलं. आरशात पाहिलं तर खालचा ओठ डाळिंबाच्या दाण्यासारखा आणि वरचा माझ्या नेहमीच्या रंगाचा. ते फारच विचित्र दिसत होतं. म्हणून (माझी विचार करायची पद्धत बघा) वरच्यालाही लावला.

मग पुसायला गेलो. रुमालाने पुसला, पाण्याने पुसला, साबणाने पुसला. जितका घासावा तितका तो खुलत होता. बशीकडे पाहिलं तर मधोमध माझ्या बोटाचा खड्डा. बतूलला तो दारातूनच दिसला असता. लेप सारखा करावा म्हणून मी बशी जरा नळाखाली धरली. तो लेप इतका आज्ञाधारक निघाला की एका क्षणात सगळाच्या सगळा मोरीत गेला. मातीची कोरी बशी माझ्या हातात राहिली. म्हणजे रंग बशीवरून जात होता आणि माझ्यावरून जात नव्हता. हा कसला नैसर्गिक पदार्थ!

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण तबकात सुरम्याची डबी होती, आणि डोळा तर ओठांपेक्षा नाजूक. मी एका डोळ्यात काडी फिरवली. लल्ला खनाता सुरम्यात जळलेल्या ऑलिवच्या बिया, लवंग आणि काळी मिरी घालतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्या क्षणी कळलं. मी खाली बसलो, मग उठलो, मग पलंगाच्या कडेवर आपटलो. डोळ्यातून अशी धार लागली की आमच्या खात्याने बिल पाठवावं. आणि त्याच आंधळ्या गडबडीत मी दुसराही डोळा चोळला, त्याच हाताने.

तेवढ्यात मला सिवाक आठवली. ती काडी दातांवर घासली की चहाचे डागसुद्धा जातात, तर ओठांवरचा रंग का जाणार नाही? मी दार किलकिलं केलं, हात बाहेर काढला आणि जमेल तितक्या हळू हाक मारली.

"लल्ला खनाता, जरा सिवाक द्या हो."

आमच्या सासूबाईंना एका कानाने ऐकू येत नाही, आणि दुसरा कान मनाला येईल ते ऐकतो.

"काय देऊ?"

"सिवाक! सिवाक!"

"तुला?"

"मग कोणाला?"

मग माझ्या तळहातावर एक लाकडाचा तुकडा आला. मिटल्या डोळ्यांनी मी तो चावला आणि दोन्ही ओठांवर खसाखसा घासला. चव जरा तुरट वाटली. मग दाराबाहेर सासूबाईंचा आवाज ऐकू आला. त्या कुजबुजतात तेव्हा शेजारची आळीही ऐकते.

"बतूल, तुझ्या नवऱ्याने माझ्याकडे स्वाक मागितला."

एका वेलांटीचा फरक हो! सिवाक म्हणजे सज्जन पुरुषांनी खिशात बाळगायची दात घासायची काडी. स्वाक म्हणजे अक्रोडाची साल. ती आमच्या बायका सणासुदीला चावतात, म्हणजे दात पांढरे होतात आणि ओठांना विटकरी रंग चढतो. तो चांगला दोन दिवस टिकतो. मी लाल रंगावर विटकरी रंगाचा हात दिला होता.

"सी थामी," दाराबाहेरून बतूल म्हणाली. एरवी ती मला नुसतं थामी म्हणते. 'सी', म्हणजे 'श्रीयुत', लागला की समजावं, आता काही खरं नाही. "तुम्ही आत काय करताय?"

"दाढी."

"स्वाकने?"

तेवढ्यात खालच्या दाराची कडी वाजली. बतूल चहाकडे पळाली, सासूबाई नुहैलाकडे वळल्या, आणि दार उघडायला घरात पुरुष एकच होता. खालच्या बोळात अंधार असतो, एवढ्याच आधारावर मी जिना उतरलो.

दारात एकटे हाज मक्की उभे होते. बायको आणि मुलगा मागणीचे साखरेचे शंकू आणि खजूर घेऊन गाडीने येणार होते. हाज मशिदीतून परस्पर चालत आले होते. मी घाबरलो की ओठ चाटतो, आणि त्या क्षणी मी चांगलाच घाबरलो होतो. त्यांना मिठी मारली, या गालावर, त्या गालावर, पुन्हा या गालावर. वडीलधारे म्हणून खांद्याचंही चुंबन घेतलं. आदरात कसलीही कसर ठेवली नाही.

हाज मागे सरले आणि माझ्याकडे निरखून पाहू लागले. चष्मा त्यांच्या खिशात होता.

"माशाल्ला," ते हळू आवाजात म्हणाले. "डोळ्यांत सुरमा. तोंडाला सिवाकचा वास. दोन्ही सुन्नत, पैगंबरांचा शिरस्ता. सी थामी, तुमच्याबद्दल लोकांनी मला काय काय सांगितलं होतं!"

"लोकांचं काय," मी खाली मान घालून म्हणालो.

"आणि रडला आहात!"

"मुलगी परक्या घरी जाणार..." मी म्हणालो. डोळ्यांतून मिरी वाहतच होती. हाजांनी माझा हात हातात घेतला. त्या जिन्यावर मी आयुष्यात पहिल्यांदाच एक आदरणीय माणूस झालो. दोन मजले टिकलो.

वर दिवाणखान्यात ते भिंतीला टेकून बसले आणि मी खिडकीकडे पाठ करून. मागोमाग वायल आणि त्याची आई लल्ला तामू आली. बतूल चहा घेऊन आली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पुदिन्याची एक काडी तिच्या हातातून गळून पडली. पण पाहुण्यांसमोर तिने मुकाट चहा ओतायला घेतला. नुहैला येऊन आजीजवळ बसली. तिच्या तोंडाला रंगाचा थेंबही नव्हता. वायल तिच्याकडे पाहत होता. त्याला बहुतेक रंग लागतो हेच माहीत नव्हतं.

"चला, फातिहा म्हणून घेऊ," हाज म्हणाले. (ती प्रार्थना म्हटली की सोयरीक पक्की.) "अशा घरात वेळ कशाला लावायचा?"

लल्ला तामू हात वर करता करता थांबली. ती नवऱ्याकडे पाहत होती. आता ते दिव्याखाली होते.

"हाज, तुझ्या गालावर काय आहे?"

"कुठे?"

"या गालावर. आणि त्या गालावर. आणि जलाब्याच्या खांद्यावर."

हाजांनी गाल चाचपला आणि बोटाकडे पाहिलं. बोट लाल.

"मी थेट मशिदीतून आलो, तामू."

"हल्ली मशिदीत हे देतात का?"

"अगं, देवाशप्पथ..."

"अख्खं वर्ष या माणसाने पोराला छळलं. म्हणे त्या घरात दीन नाही, धर्म नाही! आणि स्वतः वाटेत गालांवर ओठ उमटवून घेत येतो!" लल्ला तामू उठली. तिचा आवाज कापत होता. रागाने कमी आणि अपमानाने जास्त. "वायल, साखर उचल. आज या माणसाच्या शेजारी बसून मी फातिहा म्हणायची नाही."

"आई..."

"उचल म्हणते ना!"

वायलने साखरेचा शंकू उचलला. नुहैला माझ्याकडे पाहत होती. लहानपणी खेळणं मोडलं की ती अशीच पाहायची, बाबा काहीतरी करतील म्हणून. एकीकडे हाजांनी जिन्यात दिलेली इज्जत होती, आयुष्यभरात मिळालेली एकुलती एक. दुसरीकडे ही पोर.

मी उठलो आणि दिव्याखाली जाऊन उभा राहिलो.

"लल्ला तामू," मी म्हणालो, "ते ओठ माझे आहेत."

अशी शांतता मी आमच्या कचेरीतही कधी ऐकलेली नाही, आणि तिथे तर सगळे झोपलेले असतात.

"पुरुष पुरुषांची बाजू घेणारच," लल्ला तामू म्हणाली.

"नाही हो, खरंच माझे आहेत. बघा ना!"

ती जवळ आली. तिने पाहिलं. तरीही शंका जाईना. (अशा बाईला आमच्या खात्यात लगेच घेतलं असतं.) "सिद्ध करा," ती म्हणाली.

"हो, सिद्ध कराच, सी थामी," बतूल म्हणाली आणि चहाच्या तबकातला पांढरा रुमाल तिने माझ्यापुढे धरला.

मी ओठ चाटले आणि भावी व्याह्यांच्या देखत त्या रुमालाचं चुंबन घेतलं. लल्ला तामूने हाजांची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली, रुमाल गालाशेजारी धरला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. माझा खालचा ओठ डावीकडे जरा वाकडा आहे. गालावरचाही तसाच वाकडा निघाला.

"मगाशी याने माझ्याकडे स्वाकसुद्धा मागितला होता," सासूबाईंनी कोणी विचारलं नसताना साक्ष दिली.

मग मी सगळं सांगितलं. ईदची सूज, अत्ताराचा संशय, एक बोट, मग दुसरा ओठ, मोरीत गेलेला लेप. 'नुहैलाच्या आधी माझं तोंड सुजावं म्हणून' इथपर्यंत आलो आणि डोळे पुन्हा वाहू लागले. या वेळी मिरी नव्हती. लल्ला तामू आधी फक्त खांद्यांनी हसली, मग तोंडाने, आणि मग तिला गादीवर बसवून पाणी द्यावं लागलं. वायलने साखरेचा शंकू हळूच परत खाली ठेवला. बतूलही हसत होती. ती पदोपदी माझ्यावर चिडते, पण त्या वेळी तिने येऊन माझ्या गालावरचा सुरम्याचा ओघळ अंगठ्याने पुसला.

फक्त हाज हसले नाहीत.

"म्हणजे सिवाक नव्हती?" त्यांनी विचारलं.

"स्वाक होता, हाज."

"आणि सुरमा? तो तरी सुन्नत म्हणून?"

"तपासणी."

"आणि रडणं?"

"काळी मिरी."

त्यांनी एक दीर्घ श्वास सोडला आणि हात वर केले. "फातिहा म्हणून घेऊ," ते म्हणाले. "मी आणखी काही विचारायच्या आत."

फातिहा झाली. खजूर आणि दूध झालं. पोरं इतकी खूश होती की वायलने दुधाचा पेला नुहैलाच्या ऐवजी माझ्या सासूबाईंच्या हातात दिला. मग सगळ्यांचा एक फोटो निघाला. नुहैलाला लावायला बशीत काही उरलंच नव्हतं, म्हणून ती तशीच बसली.

परवा लग्नाचं ठरवायला नवरीमुलींना सजवणारी बाई घरी आली. नुहैला कामावर होती. बाई म्हणाली, चेहरा पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही, फोटो असला तर दाखवा. बतूलने तो फोटो पुढे केला. बाईने डोळ्यांवर चष्मा चढवला आणि बराच वेळ पाहिलं.

"मुलीचं काही नाही हो, मूळचीच छान आहे," ती म्हणाली आणि तिचं बोट फोटोत सरकत माझ्यावर येऊन थांबलं. "पण ह्या मावशींना आधी कोणी रंगवलं? ते सगळं उतरवायलाच माझी अख्खी सकाळ जाईल."