वैरागडे अंधार पाठवतात

वैरागडे कॅमेऱ्याला शेक देत असत.

शेक म्हणजे आपण तान्ह्या बाळाच्या पोटाला देतो तोच. तव्यावर जाडं मीठ गरम करायचं, जुन्या धोतराच्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायची, ती कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती गुंडाळायची आणि वरून लहान मुलाची लोकरी कानटोपी चढवायची. आयर्लंडातल्या मलिंगारमध्ये जाडं मीठ मिळत नसे. मी पुण्याहून येताना पिशवीभर आणलेलं होतं, आणि ते माझ्याकडे आहे हे त्यांना कुठून कळलं देव जाणे. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, जाडं मीठ आहे का? शेकायचं होतं."

"अगं बाई, कोणाला काय झालं?"

"भिंगाला. दव धरून राहिलं ना."

मी मीठ दिलं, दार लावलं आणि आमच्या ह्यांना म्हटलं, "तुमचा तो नागपूरचा माणूस कामातून गेला."

ही गोष्ट दोन हजार पाचच्या आसपासची. हे आणि वैरागडे एकाच औषधांच्या कारखान्यात इंजिनियर. वैरागडे आमच्या ह्यांच्या हाताखाली, वयाने चाळिशीचे, अंगाने बारीक, आणि चेहऱ्यावर कायम कुणाच्या तरी घरी भेटायला आल्याचा भाव. आमच्या वस्तीच्या टोकाचं घर त्यांचं. पुढे टॉम नावाच्या शेतकऱ्याचं कुरण, कुरणाच्या मधोमध एकच काटेरी झाड. ते झाड परीलोकाचं म्हणून तिकडे कोणी तोडत नाही. इतके बंगले बांधणारे बिल्डरही त्याला वळसा घालून जातात.

आणि मी? मी तेव्हा पन्नाशीची होते. पुण्याच्या शाळेत भूगोल शिकवून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, केसांना दर पंधरवड्याला मेंदी लावणारी, आणि आयर्लंडला आपल्या येण्याने बरंच काही मिळालं आहे अशा समजुतीत वावरणारी बाई. आता माझी नात मला 'आजी, यू आर सम वुमन' म्हणते, म्हणजे 'काय बाई आहेस तू', त्याचं मूळ तिथेच आहे.

वैरागड्यांचा छंद होता रात्रीच्या आकाशाचे फोटो काढण्याचा. नुसत्या आकाशाचे नाही. खाली कुरण हवं, झाड हवं, कुंपण हवं, आणि वर तारे. डिजिटल कॅमेरा तेव्हा नवा होता आणि त्याचं कौतुकही नवं होतं. काढला की लगेच पाठीमागच्या पडद्यावर दिसतो, हे ते सांगत तेव्हा एखाद्याच्या मुलाला पहिलं पाऊल टाकता आलं असं वाटे. रात्र म्हटलं तरी जागरण नको. तिकडे हिवाळ्यात साडेचारला दिवस मावळतो, संध्याकाळच्या चहानंतर तारे बघायला जाता येतं. अडचण एकच, ढगांची.

ढगांना ते 'युअर मॅन' म्हणत. तिकडे कुठल्याही तिसऱ्या माणसाला 'युअर मॅन' म्हणतात, तो आपला असो की नसो. वैरागड्यांनी तो शब्द उचलला आणि पश्चिमेकडे बोट दाखवून म्हणत, "पहा, युअर मॅन येऊन राहिला." मग सगळं सामान गुंडाळायचं. आठवड्यातून पाच दिवस तरी युअर मॅन येत असे.

मी एकदा हट्टाने त्यांच्याबरोबर कुरणात गेले. भूगोलाची बाई, घरी बसले तर तारे काय म्हणतील! पांढरेशुभ्र बूट घातले होते. पहिल्या दहा पावलांत त्यांचा रंग कोणता हे सांगण्याची गरज उरली नाही. तरी मान वर करून मी शिकवायला सुरुवात केली. "तो लाल दिसतो ना, तो मंगळ."

वैरागड्यांनी माझ्या बोटाच्या दिशेने पाहिलं. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, तो क्रेनचा दिवा आहे. तो मंगळ शुक्रवारी खाली उतरवून राहिले."

क्रेन खरीच होती. कुरणाच्या पलीकडे नवीन वस्ती उभी राहत होती. त्या वर्षांत तिकडे जिथे पाहावं तिथे क्रेन. घरं जवळजवळ पुरी झाली होती, रस्त्याच्या दिव्यांचे खांब ओळीने उभे होते, फक्त वीज जोडायची राहिली होती. ती नाताळच्या आधी जोडणार असं सगळे म्हणत. एकदा ते नारिंगी दिवे लागले की कुरणावरचे तारे संपले. वैरागडे त्या खांबांकडे असे बघत, जसं काही माणसं हॉस्पिटलात डॉक्टरांच्या खोलीच्या दाराकडे बघतात.

त्यांची फोटो काढायची रीतही जगावेगळी. अर्धा मिनिट कॅमेरा उघडा ठेवायचा, फोटो निघाला की भिंगावर झाकण लावायचं आणि परत तेवढाच वेळ बंद झाकणाचा, म्हणजे शुद्ध काळोखाचा, फोटो काढायचा. कॅमेरा स्वतःचे लाल-निळे ठिपके चित्रात घुसडतो, तेच ठिपके या काळ्या फोटोतही येतात, मग कॉम्प्युटरवर एकातून दुसरा वजा करायचा. हे त्यांनी मला समजावलं, मी ह्यांना समजावलं. हे म्हणाले, "काळोखाचाच फोटो हवा तर कुरणात कशाला जातो? माझ्या गाडीच्या डिकीत काढ म्हणावं."

निरोप मी इमानाने पोचवला. वैरागडे हसले नाहीत. म्हणाले, "डिकीतला अंधार पाठवून काय करू, वहिनी? रुही म्हणेल, बाबा, हा तर इथेही आहे."

तेव्हा मला कळलं, हे फोटो कोणासाठी.

रुही त्यांची मुलगी, दहा वर्षांची. ती आणि तिची आई शुभांगी वर्षभरापूर्वी मलिंगारला आल्या होत्या. मी तेव्हा आलेली नव्हते. नागपूरच्या उन्हात वाढलेली ती बाई. नोव्हेंबरात साडेचारला काळोख पडला की स्वयंपाकघरात घड्याळाकडे बघत बसायची, आणि वैरागड्यांना कारखान्यातून यायला सात वाजायचे. फेब्रुवारीत बहिणीच्या लग्नाला म्हणून मुलीला घेऊन नागपूरला गेली. लग्न झालं. मुलीला तिथल्या शाळेत घातलं. भांडण नाही, काही नाही. "रुहीची परीक्षा झाली की येतील," असं वैरागडे म्हणत, आणि मुलांच्या परीक्षा काही संपत नसतात.

आता शुभांगीने फोनवर स्पष्टच विचारलं होतं: आम्ही यायचं की तुम्ही परत यायचं, नवीन वर्षाच्या आत ठरवू. आणि रुही म्हणाली होती, "मला नाही यायचं. तिथे फक्त अंधार असतो."

म्हणून वैरागड्यांनी कॅमेरा घेतला होता. अंधारात काय काय असतं ते तिला दाखवायला. फोटो ईमेलने जात, नागपूरला मायलेकी सायबर कॅफेत जाऊन बघत. काटेरी झाडावर कृत्तिका, कुंपणावर सप्तर्षी. रुहीने एकदा उलट लिहिलं: छान आहे, पण बाबा, आपलं घर नाही यात.

मग त्यांनी घर घेतलं. घरामागून मृग नक्षत्र वर येतानाचा फोटो. मला तर तो फारच आवडला. रुहीचं उत्तर एका ओळीचं आलं: बाबा, आपल्या घरात कोणीच राहत नाही असं वाटतं.

कसं वाटणार नाही? घरात राहणारा एकटा माणूस कुरणात कॅमेऱ्यामागे उभा होता.

स्वयंपाकघरातला दिवा लावून ठेवला, तर तेवढ्या वेळात खिडकीच्या जागी पांढरं भगदाड पडे. मेणबत्ती ठेवली, ती दिसेचना. शेवटी त्यांनी ठरवलं, कॅमेरा उघडायचा, पळत घरी जायचं, क्षणभर दिवा लावून बंद करायचा, पळत परत यायचं. तीन संध्याकाळी हे चाललं. त्या पळापळीच्या वेळात तारे सरकून त्यांच्या रेघा होत, आणि वैरागडे चिखलाने भरत. टॉमने कुंपणापाशी ह्यांना गाठून विचारलं, "युअर मॅन शर्यतीची तयारी करतोय का? गाई दूध द्यायच्या थांबल्यात." मग स्वतःच म्हणाला, "असू दे, ग्रँड. फाटक तेवढं लावून घ्यायला सांगा."

वीज दुसऱ्या दिवशी जोडणार असं कळलं त्या संध्याकाळी आकाश अचानक निवळलं. वैरागडे धावत आमच्याकडे आले.

"वहिनी, एक काम कराल? माझ्या स्वयंपाकघरात उभ्या रहा. मी मिस्ड कॉल देतो. रिंग वाजली की दिवा लावा आणि लगेच बंद करा. एका श्वासात. खिडकीसमोर मात्र येऊ नका."

"एवढंच ना?" मी म्हटलं. "मी वर्ग सांभाळलेत, दिवा काय सांभाळता येत नाही?"

त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच गेले. एक ताट, एक वाटी, एक पेला पालथा घातलेला. प्रेस उघडून पाहिलं (कपाटाला तिकडे प्रेस म्हणतात, आणि उघडून पाहणं हा माझा स्वभाव), तर आत शुभांगीचे मसाल्याचे डबे होते तसेच, झाकणं घट्ट लावलेले. मी अंधारात बटणावर बोट ठेवून उभी राहिले. बाहेर कुरणात ते, आत मी, आणि मध्ये इतकी शांतता की फ्रिजचा आवाज मोठा वाटत होता.

फोन वाजला. मी दिवा लावला.

आणि माझे हात जुळले.

तिन्हीसांजेचा दिवा लागला की हात जोडायचे, हे माझ्या आईने माझ्या अंगात असं मुरवलंय की ट्यूब असो, बल्ब असो, हात आपले आपण जुळतात. डोळेही मिटले. शिवाय देव कुठल्या दिशेला हे माहीत नसल्याने मी सवयीने उजेडाकडे वळले, आणि दिवा होता खिडकीपाशी, म्हणजे नेमकी खिडकीसमोर आले. नमस्कार पुरा केला आणि मग आठवलं. बटण दाबलं, पण एका श्वासाचे चार तरी झाले होते.

मी कुरणाकडे पळाले. तिथे पोचेपर्यंत पश्चिमेकडून युअर मॅन आला होता. अर्धं आकाश गेलं, बघता बघता उरलेलंही गेलं. दुसरा फोटो आता नाही. उद्या दिवे.

वैरागडे कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले होते. झाकण लावून काळोखाचा फोटो काढायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं.

"वैरागडे, हात जुळले हो. मला कळलंच नाही."

त्यांनी बटण दाबून चित्र मोठं केलं. तारे बाजूला सारले, झाड बाजूला सारलं, आणि पडद्यावर फक्त खिडकी आणली. पिवळा चौकोन, कडा जरा जळालेल्या, आणि त्यात हात जोडून उभी एक पुसट बाई.

मला वाटलं, आता रागावतील, आणि रागावण्याचा त्यांना हक्कही आहे.

"लय दिवस झाले, वहिनी," ते म्हणाले, "त्या खिडकीत दिवा लागताना बाहेरून पाहिला नव्हता."

मग त्यांनी मिठाची पुरचुंडी सोडली. ती अजून कोमट होती. माझे हात गारठलेले पाहून त्यांनी ती माझ्या हातात दिली, आणि आम्ही फाटक लावून घरी आलो.

फोटो तसाच गेला, लाल-निळ्या ठिपक्यांसकट. रुहीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: बाबा, आपल्या खिडकीत ती आजी कोण आहे?

आजी! पन्नाशीच्या, मेंदी लावलेल्या बाईला! आठवडाभर मी वैरागड्यांशी धड बोलले नाही. ठिपक्याएवढ्या आकृतीवरून त्या पोरीला वय कसं कळलं, हे मला आजही कळलेलं नाही.

शुभांगीचा फोन मात्र थेट मला आला. आवाज ओळखीचा नाही, पण विचारणं आपल्या माणसासारखं. "काकू, तुम्ही संध्याकाळी रोज येता का त्यांच्याकडे? दिवा लावायला?"

मी म्हटलं, "रोज."

शुद्ध थाप. पण एकदा मारली की मारली. दुसऱ्या संध्याकाळपासून मी रोज टोकाच्या घरी जाऊन दिवा लावू लागले. वैरागडे आले की मी चहा टाकायची, नागपूरची हकीकत ऐकायची आणि घरी परतायची. हे म्हणत, "तुझी तिथे नोकरी लागली वाटतं." नवीन वर्ष आलं आणि गेलं. ठरवू म्हणाले होते, पण दोघांपैकी कोणी तो विषय काढला नाही. बाहेर नारिंगी दिवे जळत असत आणि आकाश कढी उतू गेल्यासारखं दिसे.

मे महिन्यात मायलेकी सुट्टीला आल्या. राहायला की बघायला, हे कोणी बोललं नव्हतं. नागपूरची शाळा जूनअखेरीस उघडणार होती आणि परतीची तिकिटं काढलेली होती. मी पहिल्याच संध्याकाळी मुद्दाम भाजी घेऊन गेले. शुभांगी पोळ्या लाटत होती. मसाल्याचे डबे ओट्यावर निघाले होते. रुही दारात उभी राहून बापाला जाब विचारत होती, "नऊ वाजले, बाबा. तारे कुठायत?"

बाहेर लख्ख उजेड होता. मे-जूनमध्ये तिकडे रात्र नावालाच येते. हे मी भूगोलात शिकवलेलं, आणि वैरागड्यांनी तर डोळ्यांनी पाहिलेलं. तरी इतक्या महिन्यांत ते आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"आता नाही दिसत, बेटा," वैरागडे म्हणाले. "इथं उन्हाळ्यात अंधारच नाही पडत."

"मग कधी दिसतात?"

ते रुहीशीच बोलत होते, पण बघत होते ओट्याकडे; नारिंगी दिव्यांचं तर त्यांनी नावही काढलं नाही. "त्यासाठी ऑगस्टपर्यंत थांबावं लागते."

पोळी तव्यावर होती. शुभांगीने ती उलटली, कडेने दाबली, फुगू दिली. वर पाहिलं नाही.

"मग थांबू," ती म्हणाली.