शून्य वॅट, पाच तारे

आमच्या मागच्या खोलीत खिडक्या दोन, पंखा एक, पलंग एक, त्यावर बाबा एक, आणि भिंतीवर चौदा वर्षांचा एसी एक, बंद. दुपारी दोनला तापमान ३४.६ अंश. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं, अठ्ठावीसच्या वर बसायचं नाही. तेव्हा नवा एसी घेणं भाग होतं.

जुना काढून नवा बसवायला वीजबचत कार्यालयाची परवानगी लागते. नव्या यंत्राला जुन्यापेक्षा कमी वीज लागते हे सिद्ध झालं, तरच ती मिळते. नियम मला मनापासून पटला. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. अर्जात ‘जुन्या यंत्राचा सध्याचा वीजवापर’ असा रकाना होता. मी मीटर लावून मोजलं आणि लिहिलं: शून्य.

‘अगं, शेजाऱ्यांनी अंदाजे दोन हजार लिहिलं. आठवड्यात बसला त्यांचा,’ बाबा म्हणाले.

‘अंदाजेच लिहायचं तर मोजायचं कशाला?’

‘तेच म्हणतोय मी. मोजलंस कशाला?’

कार्यालयात खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. ‘जुन्याला शून्य, नव्याला नऊशे वॅट. म्हणजे तुम्ही वापर वाढवताय, मॅडम.’

‘जुना बंद आहे. म्हणून तर बदलतोय.’

‘असेल. पण बचतीची टक्केवारी काढायला गेलं की कॉम्प्युटर अडकतो.’

‘अडकणारच. शून्याने भागता येत नाही.’

‘हे सही करून लिहून द्या. फाइलला लावतो.’

दिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: जुना एसी दुरुस्त करून चालवून दाखवावा, म्हणजे तो काढता येईल. मेकॅनिकने झाकण उघडलं आणि तसंच परत लावलं.

‘याचा गॅस मिळत नाही, ताई. बंदी आहे.’

‘कोणाची?’

‘ज्यांनी चालवून दाखवा म्हटलंय, त्यांचीच.’

मग पाहणीसाठी निरीक्षक आले. ऐन उन्हाळ्यात त्यांच्या हातावर स्वेटर होता. त्यांनी पडदे मोजले, दिवा मोजला आणि पलंगापाशी थांबले. ‘एक माणूस. शंभर वॅट उष्णता. ही खोलीतून कमी करता येईल का?’

‘ते माझे वडील आहेत.’

‘नात्याला रकाना नाही.’

आकडा बरोबर होता, त्यामुळे मला वाद घालता येईना.

‘झोपलो तर ऐंशीवर येईन का गं?’ बाबांनी विचारलं.

‘याल,’ मी म्हटलं. निरीक्षकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. तरी शेरा लिहिलाच: दिवसा अन्यत्र हलवावे.

अन्यत्र म्हणजे कुठे? दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन तक्रार करायला थेट कार्यालयात गेले. प्रतीक्षा कक्षात फलक होता, ‘एसी सव्वीस अंशांवर ठेवा’. फलकाखाली कारकून मफलर गुंडाळून बसले होते. तासाभरात बाबांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. चौथ्या दिवसापासून ते शाल आणि शब्दकोडं घेऊनच निघू लागले. आमचा नंबर पुकारला, की शेजारच्याला म्हणायचे, ‘तुम्ही व्हा पुढे. आम्हाला कुठे घाई आहे?’

महिन्याने निकाल आला. खोली दिवसा रिकामी असल्याने गारव्याची गरज नाही. सध्याच्या यंत्राचा वापर शून्य. इतकं काटकसरी यंत्र शहरात दुसरं आढळलेलं नाही, सबब ते काढण्यास मनाई. निरीक्षकांनी स्वतः स्टुलावर चढून बंद एसीवर पाच तारे चिकटवले.

‘अपील करू या,’ मी म्हटलं.

‘मुदत तीस दिवसांची आहे ना?’ बाबा शालीची घडी घालत म्हणाले. ‘एकोणतिसाव्या दिवशी करू. तोवर रोज चौकशीला जाऊ.’

काल मी थर्मामीटर बरोबर नेला. मागची खोली, दुपारी दोन वाजता: ३४.६ अंश, मला सोडून माणसं शून्य. प्रतीक्षा कक्ष, दुपारी अडीच वाजता: १९.२ अंश, बाबांना आणि मला धरून माणसं त्रेचाळीस. हातात अर्ज असलेली, चार.